पंच आणि मिठाची डबी

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात पंच म्हणतो. नाव मानाचं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत पोरं चेंडू खेळायची, तेव्हा याला खेळायचं नसायचं. गुडघा फुटेल, शर्ट फाटेल, चेंडू लागेल! मग हा कडेला उभा राहून पंचगिरी करायचा. नियम सगळे तोंडपाठ. पण समोरचा पोरगा अंगापिंडाने दांडगा असला की याचं बोट काही वर होत नसे. "शंकेला जागा आहे," म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. शेंबड्या पोरांच्या बाबतीत मात्र शंकाबिंका काही नाही, भराभर बाद. मी मोठी बहीण, गॅलरीतून सगळं बघायचे. हा पुढे फार वर जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

गेलाच. कायदा शिकला, सैन्यात कायदा सल्लागार म्हणून लागला आणि तरुण अधिकाऱ्यांना युद्धाचे नियम शिकवायला लागला. आता युद्धाला कसले आलेत नियम, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. तर असतात, आणि चांगले असतात. माझा राग नियमांवर नाही, हे आधीच सांगून ठेवते. राग माझ्या भावावर आहे.

रविवारी तो आईकडे जेवायला यायचा. मीही असायचे. ताटं उचलायच्या आत पंचाचा वर्ग सुरू. चमचे म्हणजे आपले सैनिक, काटे म्हणजे शत्रूचे. पाण्याचा जग म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. वाट्या म्हणजे लोकांची घरं. आणि मिठाची डबी म्हणजे दवाखाना. ही डबी चिनी मातीची, पांढरी, झाकणाचा टवका उडालेली, आईच्या संसारातली सगळ्यात जुनी वस्तू.

"आधी भेद," तो म्हणायचा. "लढणारा कोण आणि न लढणारा कोण, हे ओळखायचं. चमच्याने काट्यावर जायचं, वाटीवर नाही."

"आणि काटा वाटीत लपला तर?" आई विचारायची. लेक काहीतरी मोठं बोलतोय याचं तिला कोण कौतुक!

"तिथे प्रमाण येतं, आई. एका काट्यासाठी घरभर माणसं मारायची का? लढाईत आपल्या पदरात काय पडतं आणि न लढणाऱ्यांचं किती जातं, हे हात उगारण्याआधी तोलायचं. जाणारं फारच जास्त असेल तर हात आवरायचा. आणि मारायचंच ठरलं तर खबरदारी. जमेल तेवढं आधी सांगायचं, की बाबांनो, निघा."

"आणि ही?" आई मिठाच्या डबीला बोट लावायची.

"हिला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी तर नाहीच, पण आपणही हिच्या आड काही लपवायचं नाही. हिच्या आडून त्यांच्यावर वार झाले ना, की हिचं संरक्षण जातं. मग ते आधी इशारा देणार. तो आपण ऐकला नाही, की डबी फुटली."

असं म्हणून तो डबी टेबलाच्या मधोमध अलगद ठेवायचा आणि आईचे डोळे भरून यायचे. मी खरकटं काढायचे. पंचाने जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही, पण माणुसकीवर तासभर बोलायचा.

मग लढाई सुरू झाली. नदीपलीकडचे आणि आपण. पंचाला वर्गातून उचलून थेट मोठ्या साहेबांच्या हाताशी बसवलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या फौजेचे प्रमुख. तोफ कुठे डागायची, काय कुठे उभारायचं, हे ठरवण्याआधी कायदा सल्लागाराला विचारायचं, अशी पद्धत आहे. पद्धत उत्तम. पंचाने तिच्यासाठी स्वतःचं एक वाक्य तयार केलं. 'हो' म्हणायचं नाही, 'नाही' तर नाहीच नाही. म्हणायचं, "कायद्याची यात आडकाठी दिसत नाही." काम फत्ते झालं तर सल्ला याचा, काही विपरीत झालं तर निर्णय साहेबांचा. हे वाक्य त्याने मला स्वतःच हसत हसत ऐकवलं. वर म्हणाला, "ताई, यात कुठेच सही सापडत नाही बघ." मला शिसारी आली. भाऊ असला म्हणून काय झालं!

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. आमचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर. मांडीचं हाड मोडलेली, खुबा मोडलेली माणसं. पाय दोरीने कप्पीवरून ताणलेला, दोरीच्या टोकाला वजन लोंबतंय. असा माणूस धड कुशीवर वळू शकत नाही, तो पळणार कुठे? विजेचा पत्ता नव्हता, त्यामुळे लिफ्ट बंद. एक पेशंट जिन्याने खाली न्यायचा म्हणजे चौघं धटिंगण लागायचे, आणि माझ्याकडे होत्या दोन आया, एकीला दमा. त्यातच आमची आई न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला आणि माझ्याच वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर आली. शेजारच्या कॉटवर टेलरबाई. त्यांचा पाय टांगलेला, तोंड मात्र मोकळं.

एके दिवशी सकाळी डोक्यावर ठोकाठोक सुरू झाली. कप्प्या हादरायला लागल्या, पेशंट कळवळायला लागले. मी तणतणत गच्चीवर गेले. तिथे पांढऱ्या रंगावर दवाखान्याची मोठी लाल खूण रंगवलेली होती, आकाशातून दिसावी म्हणून. त्या खुणेच्या अगदी मधोमध सैनिक लोखंडी खांब उभा करत होते. खांबाला तारा, तारांना वाळूची पोती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"संदेशाचा खांब, सिस्टर," त्यांच्यातला एकजण म्हणाला. "यावरून आमच्या तोफांना नेम सांगतात. इतक्या उंचावरून तोफांपर्यंत स्वच्छ ऐकू जातं."

रविवारचं टेबल मला पाठ होतं.

मी तशीच युनिफॉर्मवर पंचाच्या ऑफिसात गेले. एका बंद बँकेत त्यांनी ऑफिस थाटलं होतं आणि माझा भाऊ कॅशियरच्या काचेमागे बसायचा. काचेला ते अर्धगोल भोक असतं ना, त्यातून मला सख्ख्या भावाशी बोलावं लागलं.

"ताई! तू इथे? चहा सांगू?"

"चहा घाल चुलीत. माझ्या डोक्यावर खांब कुणी उभा केला?"

"हळू बोल. तात्पुरता आहे तो."

"मिठाच्या डबीत चमचा खोचलास तू! उद्या ती फुटली म्हणजे?"

"खांब छपरावर आहे, ताई. वॉर्डात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

"छप्पर काय शेजाऱ्याचं आहे? अरे, गावाबाहेर ती गिरणी ओस पडलीय. केवढं उंच धुराडं! तिथे चिटपाखरू नाही. तिथे लावा की."

"तो रस्ता खराब आहे. साहेबांना ते सोयीचं नाही."

"साहेबांनी तुला विचारलं ना? तू काय सांगितलंस?"

तो पेनाचं टोपण काढायला आणि लावायला लागला. लहानपणी शर्टाचं बटण असंच पिळायचा. "मी सांगितलं, की कायद्याची यात आडकाठी दिसत नाही."

"दिसत नाही? मग चष्मा पूस!" मी एवढ्या जोराने म्हणाले की कामासाठी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. पंचाने काचेमागची छोटी झडप ओढून घेतली. खरंच घेतली, सख्ख्या बहिणीच्या तोंडावर.

पुढे आमच्या तोफा पूर्वीपेक्षा अचूक पडायला लागल्या. आणि एका संध्याकाळी टेलरबाईंच्या उशाशी असलेल्या रेडिओवर नदीपलीकडचा माणूस बोलायला लागला. आवाज शांत, पोस्टमास्तरासारखा. दवाखान्याच्या छपरावरच्या खांबावरून आमच्यावर तोफा डागल्या जातात, तो उद्या दुपारपर्यंत काढा, नाहीतर दवाखान्याला संरक्षण राहणार नाही, हा कायद्याने दिलेला इशारा आहे.

टेलरबाईंनी रेडिओ बंद केला.

"चला," टेलरबाई म्हणाल्या, "आपल्याला रीतसर कळवलंय. आता आपण रीतसर मरायचं."

कुणी हसलं नाही. ज्यांना चालता येत होतं त्यांना मी तळघरात पाठवलं. पाय टांगलेले सगळे वरच राहिले, आणि त्यांच्यात माझी आई. दोरी सोडून हलवायचं म्हटलं तर हाड पुन्हा सरकणार, आणि उचलणार कोण हा प्रश्न होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात बुटांचे आवाज आले. बघते तर पंच! मागे दोन सैनिक. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आला. शेवटी आलाच. खांब काढायला माणसं घेऊन आला. क्षणभर मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. इतकी मी मूर्ख.

सैनिकांच्या हातात स्ट्रेचर होतं.

"आईला दुसऱ्या दवाखान्यात नेतो," तो माझ्या कानाशी म्हणाला. "खाली गाडी उभी आहे. तिथे सोयी चांगल्या आहेत."

म्हणजे याला माहीत होतं. ज्या माणसाला आडकाठी दिसत नव्हती, त्याला दुपारी काय होणार, हे स्वच्छ दिसत होतं.

"आणि हे बाकीचे?" मी विचारलं.

"गाडीत एकाच स्ट्रेचरची जागा आहे, ताई."

"आणि मी?"

त्याला हा प्रश्न खरोखरच सुचला नव्हता. मग म्हणाला, "तुझी ड्युटी आहे ना."

काय बोलायचं अशा माणसाशी? याच्या शेंबडाला मी माझी ओढणी वापरली होती.

आईने सगळं ऐकलं होतं, आणि बँकेतलं बोलणं मी तिला आधीच सांगितलं होतं. "का रे नेतोस मला?" तिने विचारलं.

"तिकडे हवा चांगली आहे, आई."

"इथेही दुपारी भरपूर येणार आहे म्हणतात," टेलरबाई म्हणाल्या. "छपरातूनच येणार आहे."

आईने मान वळवून त्यांच्या टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग सगळ्या वॉर्डावरून नजर फिरवली. "बरं, ने," ती म्हणाली. "आधी या टेलरबाईंना ने. मग त्या बसड्रायव्हरला. मग कोपऱ्यातल्या त्या आजोबांना. सगळे खाली उतरले की मला ने."

"आई, हट्ट करू नकोस. वेळ नाही."

"मग मी इथेच आहे."

पंचाने सैनिकांना खूण केली. ते पुढे झाले, तशी आईने कॉटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी पकडला. खुबा मोडलेली बाई, पण मनगटं अजून धुणं पिळणारी. "हात लावून बघा," ती म्हणाली. सैनिक जागच्या जागी थांबले. मग ती माझ्या भावाला म्हणाली, "तुला कायद्याची आडकाठी दिसत नाही ना? माझी दिसतेय?"

सैनिकांनी स्ट्रेचर भिंतीला टेकवलं. एकाने टोपी काढून घाम पुसला आणि आईकडे बघून थोडीशी मान झुकवली.

पंच माझ्या टेबलाशी आला आणि त्याने माझाच फोन उचलला. मी शेजारी उभी होते, त्यामुळे जे ऐकलं ते माझ्या कानांनी ऐकलं.

"साहेब, तो दवाखान्याचा खांब. तो काढावा लागेल. नाही, साहेब. बेकायदेशीर आहे तो. पहिल्यापासून होता. नाही. नाही, साहेब."

तीनदा 'नाही' म्हणाला. आभाळ कोसळलं नाही. साहेबांनी त्याला गोळी घातली नाही, की नोकरीवरून काढलं नाही. पलीकडून त्यांनी बहुतेक, बरं, असं म्हटलं असावं. एवढं सोपं होतं ते! हा शब्द त्याच्या तोंडात सगळा वेळ पडून होता. माझा सगळा वॉर्ड पणाला लागला तरी तो बाहेर पडला नाही, आईने दांडा धरला तेव्हा पडला.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण फोन अजून चालू होता.

"हो साहेब," पंच म्हणत होता. आवाज एकदम पूर्वीसारखा गुळगुळीत झाला होता. "समोरची शाळा? हो, उंची थोडी कमी आहे. नाही, शाळेबाबत... कायद्याची यात आडकाठी दिसत नाही."

त्याने फोन ठेवला.

"अरे, त्या शाळेत माणसं राहतात!" मी त्याचा दंड धरून त्याला खिडकीशी ओढत नेलं. समोर शाळेच्या गॅलरीत ओळीने कपडे वाळत होते. नदीकाठची घरं सोडून आलेली कुटुंबं एकेका वर्गात चूल मांडून राहत होती. "बघ! लहान मुलांची झबली आहेत ती. गिरणी का नाही सांगितलीस?"

"वर्ग भरत नाहीत, ताई, म्हणजे ती आता नुसती इमारत." त्याने दंड सोडवून घेतला. "आणि ते इशारा देतील ना. इथला दिलाच की."

"आणि नाही दिला तर?"

"एका दिवसात साहेबांना किती वेळा नाही म्हणायचं?" तो म्हणाला. रागाने नाही, अगदी काकुळतीने. जणू मीच त्याच्यावर अन्याय करत होते.

दुपारच्या आत आमचा खांब उतरला आणि समोर शाळेच्या छपरावर चढायला लागला. वॉर्डात टाळ्या वाजल्या, बसड्रायव्हरने शिट्टी मारली, आणि टेलरबाई उशीत तोंड खुपसून रडल्या. मी तेव्हा रस्ता ओलांडून शाळेत होते. वर्गावर्गात जाऊन सांगत होते, निघा, आमच्या तळघरात चला. काही आले. बाकीच्यांनी मलाच समजावलं, "सिस्टर, तुमचा काढला ना त्यांनी? आमचाही काढतील." आणि खरंच, कुणालाही तसंच वाटलं असतं.

शाळेचा इशारा आला नाही. किंवा आला असेल, तेव्हा कुणाचा रेडिओ चालू नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. जी जिवंत निघाली ती माणसं माझ्याकडे आली. कॉट संपल्या, कप्प्या संपल्या, मग आम्ही दोरीला विटा बांधून पाय ताणले. त्यातल्या बऱ्याच विटा शाळेच्याच होत्या.

लढाई थांबली, तसा पंच पुन्हा वर्गात गेला. आता त्याच्याकडे सांगायला स्वतःची गोष्ट होती. दवाखाना वाचवणारा कायदा सल्लागार! मानपत्र मिळालं, बढती मिळाली. मी एकदा त्याचं व्याख्यान मागच्या बाकावर बसून ऐकलं. "त्या दिवशी मी फोन उचलला," असं म्हणून तो थोडा थांबतो. त्या थांबण्याची त्याने आरशासमोर तालीम केलेली असणार, मी पैज लावते. गोष्टीत आई नाही, स्ट्रेचर नाही. खांब काढला जातो, टाळ्या पडतात, गोष्ट संपते.

परवाच्या रविवारी तो आईकडे दोन तरुण अधिकाऱ्यांना घेऊन आला. कौतुकाने. आई आता काठी घेऊन हिंडते, स्वयंपाक मी केला होता. पहिला घास घ्यायच्या आधीच याने टेबल मांडायला घेतलं. चमचे इकडे, काटे तिकडे, जग तिकडे. मिठाची डबी मधोमध. तिच्यावर एक काडी आडवी ठेवली, तो खांब.

"आणि मग सल्लागाराने काय केलं?" त्याने अधिकाऱ्यांना विचारलं आणि दोन बोटांनी ती काडी उचलली. अधिकारी माना डोलवायला लागले.

"ती काडी कुठे ठेवतोस आता?" आईने विचारलं.

"म्हणजे?"

"हातात धरून बसणार आहेस का? ठेव की. शाळा कुठाय?"

पंचाने टेबलावर पाहिलं. वाट्या होत्या, ग्लास होते, पोळ्यांचा डबा होता, शाळा होईल असं हवं तेवढं होतं. काडी त्याच्या बोटांत तशीच राहिली. तरुण अधिकारी एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत होते.

"शाळा या उदाहरणात येत नाही, आई," तो शेवटी म्हणाला.

"मग हीपण येत नाही," आई म्हणाली. तिने मिठाची डबी उचलली, काठी टेकत टेकत स्वयंपाकघरात गेली आणि डबी कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं. परत येऊन खुर्चीवर बसली. "जेवा," ती पाहुण्यांना म्हणाली.

भाजीत मी मीठ घालायचं विसरले होते. पहिल्या घासालाच सगळ्यांच्या लक्षात आलं. अधिकारी पोरांनी बिनदिक्कत मीठ मागितलं, आणि आईने त्यांना आतून मुठीत आणून दिलं, ताटाच्या कडेला एकेक चिमूट. पंचाच्या ताटाशी ती थांबली नाही. त्याने एकदा मान वर केली, पण मागितलं नाही. सगळं जेवण तसंच अळणी गिळलं आणि नेहमीसारखं ताट टेबलावर टाकून उठला.